टाकीत माणूस उतरवण्याआधी: जबाबदारी कुणाची, क्रम कोणता

छोट्या आणि मध्यम कारखान्यांत परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीची, पद्धत बसवून द्यायचं काम मी करतो. वीस ते शंभर-दीडशे माणसांची युनिटं. सुरक्षेची फाइल असते, हेल्मेट असतात, रिसेप्शनच्या भिंतीवर सुरक्षा धोरणाची फ्रेमही असते. पण ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची, टाकी साफ करायची वेळ आली की सगळा क्रम उलटा होतो. आधी माणूस उतरतो, मग ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) शोधायला कुणीतरी धावतं, आणि परमिट संध्याकाळी ऑफिसात बसून भरलं जातं. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. उदाहरण कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीचं घेतलंय, पण सोसायटीचा एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारी यंत्रणा), बायोगॅसचा खड्डा, गावची विहीर, बॉयलरचा ड्रम, रसायनाचा रिअॅक्टर या सगळ्यांना तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

## आधी तीन गोष्टी नीट समजून घ्या

बंदिस्त जागा म्हणजे फक्त बंद जागा नव्हे. आत-बाहेर करायला वाट अडचणीची, माणसाने कायम बसून काम करावं म्हणून बांधलेली नाही, आणि आतली हवा बिघडू शकते, अशी कोणतीही जागा. वरून उघडा असलेला तीन मीटर खोल खड्डाही यात येतो. ‘वरून उघडं आहे, हवा खेळती आहे’ हा समज सर्रास आढळतो. गाळातून सुटणारा विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसून राहतो. वर वारा सुटला म्हणून तो उडून जात नाही.

धोका आणि जोखीम वेगवेगळ्या. टाकीच्या तळाचा गाळ हा धोका. त्या गाळात कोण, किती वेळ, काय घालून, कुणाच्या नजरेखाली उतरणार यावर जोखीम ठरते. जोखीम मूल्यांकनाच्या तक्त्यात ‘धोका: टाकी, उपाय: काळजी घेणे’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. काळजी घेणे हा उपाय नाही. उपाय म्हणजे ज्याकडे बोट दाखवता येतं: कुलूप, ब्लोअर, दोर, मीटर, माणूस.

उपायांना उतरंड आहे. सगळ्यात वर, धोकाच काढून टाकणं. मग कमी धोक्याची पद्धत वापरणं. मग यंत्राने किंवा रचनेने अडवणं, मग परमिट आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी मास्क-हातमोजे. आपल्याकडे सुरुवात मास्कपासून होते, कारण मास्क दुकानात मिळतो.

## जबाबदारी कुणाची

मालक. कायद्याच्या भाषेत भोगवटादार, कारखान्यात सगळे ‘ऑक्युपायर’ म्हणतात. काम ठेकेदाराला दिलं म्हणून त्याची सुटका होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये या कामाचा गाभा सांगितला होता: विषारी वायूची शक्यता असेल अशा टाकीत, वायू काढण्याचे उपाय झाल्याशिवाय कुणालाही उतरवायचं नाही. त्यानंतरही एक तर जाणकार व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा घालायचा, आणि त्या पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असलं पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रम संहिता लागू झाल्या आणि या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता आली, तरी कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचं ओझं मालकावरून हललेलं नाही.

मॅनेजर. साधनं, माणसं आणि वेळ हाताशी आहेत की नाही हे पाहणं त्याचं काम. ‘उद्या ऑडिट आहे, आज टाकी झाली पाहिजे’ हे वाक्य मॅनेजरच्या तोंडून निघतं. ते न निघणं हीही त्याचीच जबाबदारी.

परमिट देणारा. प्लांट किंवा युटिलिटीचा माणूस, ज्याला टाकीला कुठून काय येतं हे ठाऊक असतं. त्याची सही म्हणजे ‘मी स्वतः जाऊन पाहिलंय’.

परमिट घेणारा. ठेकेदाराचा सुपरवायझर किंवा मेंटेनन्सचा फोरमन. आपल्या माणसांना अटी समजावून सांगायच्या, त्या पाळल्या जातात हे पाहायचं, आणि काम संपेपर्यंत जागा सोडायची नाही.

झाकणावरचा माणूस. अटेंडंट म्हणा, होल वॉच म्हणा. याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण माणूस जगतो की जातो ते बहुतेक वेळा याच्यावर ठरतं.

उतरणारा. दिलेली साधनं वापरायची, स्वतःच्या मनाने पट्टा सोडायचा नाही, चक्कर, डोळ्यांची आग, डोकं जड वाटलं की तत्क्षणी वर यायचं. जिवावर बेतेल अशी शंका आली तर ती मालक-मॅनेजरला सांगायचा हक्क त्याला कायद्याने आहे, आणि कळल्यावर लगेच उपाय करणं समोरच्यावर बंधनकारक आहे. ‘घाबरतोस काय’ म्हणणारा सुपरवायझर या कामाला नालायक, मग त्याचा अनुभव वीस वर्षांचा का असेना.

> तपासा: वरची सहा नावं कागदावर लिहिता येतात का? एकच माणूस परमिट देणारा, घेणारा आणि झाकणावरचा असेल, तर इथेच थांबा.

## पायरी १: उतरायलाच हवं का?

हा प्रश्न परमिटच्या पहिल्या ओळीत असायला हवा. बहुतेक छापील नमुन्यांत तो नसतोच.

गाळ काढायचा असेल तर सक्शन टँकर आणि जेटिंग मशीनने वरूनच किती निघतो ते पाहा. पातळी मोजायची असेल तर वरून सोडलेली पट्टी चालते. पंप अडकला असेल तर साखळीने वर ओढून बाहेर दुरुस्त करता येतो. नवीन पंप बसवतानाच त्याला गाइड रेल आणि उचलायची साखळी लावून घ्या. खर्च थोडा, पण दर वेळी माणूस उतरवणं टळतं. आत काय पडलंय हे बघायला मोबाइलचा कॅमेरा दोरीला बांधून सोडला तरी चालतं. मात्र ज्वलनशील वायूची शंका असेल तिथे मोबाइलसुद्धा नको.

मैल्याची सेप्टिक टाकी किंवा गटार असेल तर प्रश्न वेगळाच आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करून घेण्यावर बंदी घातली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी फक्त महापालिकेला नाही, काम सांगणाऱ्या कुणालाही आहे. सोसायटीचे सेक्रेटरी यात आले. गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आधी ती १० लाख होती. टँकरचं भाडं वाचवायला निघालेल्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

## पायरी २: सामान आदल्या दिवशी जमवा

कामाच्या सकाळी सामान गोळा करायला घेतलं की जे मिळत नाही ते ‘आजच्यापुरतं’ वगळलं जातं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी एका जागी मांडा आणि मोजा.

- चार वायूंचा गॅस डिटेक्टर: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. सोबत हवा खेचणारा पंप आणि तळापर्यंत पोहोचेल एवढी नळी.
- ब्लोअर आणि लवचीक डक्ट, म्हणजे हवा नेणारी जाड नळी. डक्ट तळापासून अर्ध्या मीटरवर पोहोचला पाहिजे.
- ट्रायपॉड (टाकीच्या तोंडावर उभी करायची तिपाई), विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र) आणि फुल बॉडी हार्नेस (पूर्ण अंगाचा पट्टा). कमरेचा पट्टा नको: त्याने बेशुद्ध माणूस वर ओढला तर तो घडी पडून मॅनहोलच्या तोंडाला अडकतो. हार्नेसची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे असते. तिथून ओढलं की माणूस उभा वर येतो.
- २४ व्होल्टचा दिवा. टाकीत नेहमीचा २३० व्होल्टचा हॅलोजन सोडणं ही जुनी आणि जीवघेणी सवय आहे. ज्वलनशील वायू असेल तर दिवा फ्लेमप्रूफ हवा.
- बचावासाठी स्वतंत्र हवेचं सिलिंडर असलेलं श्वसनयंत्र, म्हणजे एससीबीए, आणि ते वापरायला शिकलेला माणूस.
- कुलुपं, टॅग, ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती), बॅरिकेड टेप, शिट्टी, श्वास द्यायची अंबू बॅग.

ट्रायपॉड-विंच नसेल तर भाड्याने आणा. ‘चार पोरं आहेत, ओढतील’ यावर भरवसा ठेवू नका. सत्तर किलोचा निपचित पडलेला, ओला, गाळाने माखलेला माणूस साठ सेंटिमीटरच्या भोकातून सरळ वर काढणं चार जणांनाही जमत नाही. खात्री नसेल तर पन्नास किलोच्या दोन गोणी एकत्र बांधून टाकीबाहेर करून बघा.

> सावधान: नाकावरचा कापडी मास्क किंवा काडतूसवाला मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर तो घालून माणूस तेवढ्याच वेगाने कोसळतो.

## पायरी ३: टाकी सगळीकडून तोडा

म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक वाटेपासून ती वेगळी करा. पाइपलाइन, ड्रेन, नायट्रोजन, स्टीम, वीज, ढवळणारा अॅजिटेटर.

व्हॉल्व्ह बंद करणं पुरेसं नाही. व्हॉल्व्ह गळतो, आणि शिफ्ट बदलली की कुणीतरी तो उघडतो. लाइन सोडवून तोंड बंद करा किंवा फ्लँजमध्ये ब्लाइंड मारा. शेजारच्या टाकीला ओव्हरफ्लोची लाइन आहे का, ते ड्रॉइंगवर विसंबून न राहता चालत जाऊन पाहा. दहा वर्षांत कुणीतरी एखादी लाइन वाढवलेली असते आणि ड्रॉइंगवर ती नसते.

विजेचा क्रम असा: पॅनलवर ब्रेकर बंद, त्याला कुलूप, नावाचा टॅग, आणि मग *स्टार्टचं बटण दाबून बघा*. शेवटचा भाग निम्मे लोक गाळतात. दाबल्यावर मोटर फिरली, तर तुम्ही चुकीच्या ब्रेकरला कुलूप घातलं. किल्ली उतरणाऱ्याच्या टीमकडे राहते, सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि हो, फ्यूज काढून खिशात ठेवणं हे कुलपाला पर्याय नाही. दुसरा फ्यूज स्टोअरमध्ये असतोच.

## पायरी ४: रिकामी करा, धुवा, हवा घाला

पंपाने जेवढं निघतं तेवढं काढा आणि वरूनच पाण्याच्या दाबाने धुवा. पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप टाकीत उतरवू नका. तोंडाशीही ठेवू नका. त्याचा धूर खाली उतरतो आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड आतल्या माणसाला मारतो.

ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत *ढकलायची*. हिशेब साधा आहे. टाकी ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ खोल, म्हणजे ३६ घनमीटर. ब्लोअर तासाला १००० घनमीटर हवा देत असेल तर टाकीची हवा एकदा बदलायला दोनेक मिनिटं लागतात. आत जाण्याआधी निदान दहा वेळा हवा बदलावी असं मी धरतो, म्हणजे बावीस मिनिटं. डक्टला वळणं असली की ब्लोअरची ताकद घटते, म्हणून अर्धा तास. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवायचा.

ब्लोअर हवा कुठून घेतोय हे एकदा मागे वळून पाहा. एका ठिकाणी ब्लोअर अगदी व्यवस्थित लावला होता, डक्ट तळापर्यंत, सगळं नीट. फक्त त्याचं तोंड डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, एक्झॉस्टकडे होतं.

> सावधान: हवा सुधारायला ऑक्सिजनचं सिलिंडर सोडू नका. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, ग्रीस एका ठिणगीने पेट घेतात. कंप्रेसरची होजही नको. त्या हवेत तेल असतं आणि ती तेवढी पुरतही नाही.

## पायरी ५: गॅस तपासा, वरून खालपर्यंत

इथे घाई सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

मीटर, म्हणजे गॅस डिटेक्टर, मोकळ्या हवेत सुरू करा. ऑक्सिजन २०.९ टक्के आणि बाकी सगळे शून्य दिसले पाहिजेत. मग बंप टेस्ट: चाचणीच्या वायूचा एक झोत देऊन अलार्म वाजतो का ते पाहा. कॅलिब्रेशनची (मीटर अचूक जुळवून घेण्याची) तारीख उलटली असेल तर तो मीटर म्हणजे कमरेला लावलेलं ओझं.

झाकण पहिल्यांदा उघडताना, म्हणजे धुण्याआधीच, ते पूर्ण उघडण्याआधी फटीतून नळी आत सोडा. नंतर, हवा घालून झाल्यावर, वर, मध्ये, तळाशी, तीन पातळ्यांवर मोजा. मिथेन हलका, तो वर साठतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो खाली. प्रत्येक पातळीवर थांबा, कारण नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. किती, ते मीटरच्या पुस्तिकेत नळीच्या लांबीप्रमाणे दिलेलं असतं. नळी सोडली, बघितली, ओढली अशा तपासणीत तुम्ही नळीतलीच जुनी हवा मोजता.

आकडे या क्रमाने वाचा:

1. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के. हा पहिला, कारण ऑक्सिजन फार कमी असेल तर बहुतेक मीटरचा ज्वलनशील वायूचा सेन्सर चुकीचं, कमीच दाखवतो.
2. ज्वलनशील वायू एलईएलच्या १० टक्क्यांखाली. एलईएल म्हणजे वायू पेट घ्यायला हवेत लागणारं त्याचं किमान प्रमाण. मिथेनचं एलईएल हवेत ५ टक्के. त्याचे १० टक्के म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन. वेल्डिंग-कटिंग असेल तर मला शून्यच हवं.
3. हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १० भागांच्या) खाली, कार्बन मोनॉक्साइड २५ च्या खाली. आणि ‘खाली आहे’ म्हणून खूश होऊ नका. आकडा शून्य नसेल तर वायू येतो कुठून ते शोधा.

आता गाळाची गोष्ट. एका ईटीपीच्या टाकीवर आम्ही तिन्ही पातळ्यांवर मोजलं, सगळं ठाकठीक, हायड्रोजन सल्फाइड शून्य. फोरमन म्हणाला, ‘साहेब, सोडू का पोराला?’ तळाला वीतभर काळा गाळ होता. मी लांब बांबू मागवला आणि वरूनच गाळ ढवळायला सांगितला, मीटरची नळी तळाशी ठेवून. अर्ध्या मिनिटात आकडा हलला. चार. अकरा. अडतीस. मग मीटर ओरडायला लागला. पोरगा शिडीला हात लावून उभा होता. तो आत उतरून फावडं मारता, तर हा वायू त्याच्या गुडघ्यापाशी सुटला असता. त्या दिवसापासून गाळ असेल तिथे ढवळून मोजल्याशिवाय मी सही करत नाही.

वासावर विसंबू नका. कमी प्रमाणात हा वायू सडक्या अंड्यासारखा घाण येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. ‘आता वास येत नाही, गेला वाटतं’ हे वाक्य उलटं ऐकायला शिका.

गावाकडे विहिरीत जळता कंदील किंवा मेणबत्ती सोडायची पद्धत आहे. ज्योत विझली तर उतरायचं नाही. ऑक्सिजन बराच कमी झाल्यावरच ज्योत विझते, त्याआधी माणसाला गरगरायला लागलेलं असतं. विषारी वायूचा तर तिला पत्ताही लागत नाही, आणि मिथेन असेल तर विझण्याऐवजी भडका होतो. ही चाचणी कायमची बंद करा.

रिकामी, कोरडी, स्वच्छ लोखंडी टाकीही निर्धोक धरू नका. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या टाकीत पत्र्याला गंज चढताना ऑक्सिजन खर्च होतो. आत ना वास, ना रंग. माणूस शिडीच्या चौथ्या पायरीवरून खाली पडतो, आणि वरच्यांना वाटतं पाय घसरला.

> तपासा: आकडे, वेळ, पातळी आणि मोजणाऱ्याचं नाव लिहिलं का? तीन दिवसांच्या परमिटवर तिन्ही दिवस २०.९, ०, ०, ० आणि एकाच पेनची शाई दिसली, तर कुणीही मोजलेलं नाही.

## पायरी ६: परमिट टाकीच्या तोंडाशी भरा

ऑफिसात नाही. देणारा आणि घेणारा दोघे टाकीपाशी उभे, एकेक ओळ वाचून, त्या गोष्टीकडे बोट दाखवून. ‘वीज तोडली’ म्हटलं की कुलूप बघायचं. ‘ब्लाइंड मारला’ म्हटलं की ब्लाइंड बघायचा.

परमिट एका टाकीसाठी, एका कामासाठी, एका शिफ्टपुरतं. शिफ्ट बदलली की नवीन तपासणी, नव्या सह्या. उतरणाऱ्यांची नावं लिहा, ‘ठेकेदाराची माणसं – ३’ असं नाही. सफाईच्या परमिटवर वेल्डिंग चालत नाही, त्याला वेगळं हॉट वर्क परमिट लागतं. आणि उतरणाऱ्याला परमिट त्याच्या भाषेत सांगा. कागद इंग्रजीत आणि माणूस झारखंडचा असेल, तर सही-अंगठ्याला अर्थ नाही. ‘आत काय आहे? चक्कर आली तर काय करशील? दोर किती वेळा ओढशील?’ हे त्याच्याकडून वदवून घ्या.

## पायरी ७: आत काम चालू असताना

झाकणावरच्या माणसाला एकच काम: आतल्या माणसावर लक्ष. त्याने बादली ओढायची नाही, स्पॅनर आणायला जायचं नाही, फोन बघायचा नाही, आणि बदली माणूस आल्याशिवाय चहाला हलायचं नाही. बहुतेक ठिकाणी या जागी सगळ्यात नवखा हेल्पर उभा केला जातो, कारण ‘त्याला काही येत नाही’. उलटं करा. टीममधला सगळ्यात ठाम माणूस वर उभा करा, जो सुपरवायझरलाही ‘नाही’ म्हणेल.

खुणा आधी ठरवा. दोर एकदा ओढला म्हणजे ठीक, तीनदा म्हणजे वर काढा. दर काही मिनिटांनी आवाज द्यायचा, उत्तर आलं पाहिजे. उत्तर बरळल्यासारखं, उशिरा किंवा चिडून आलं तरी माणूस बाहेर काढा; ऑक्सिजन कमी पडायला लागला की पहिल्यांदा नीट विचार करायची शक्ती जाते, आणि आपलं काही बिघडलंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही.

मीटर आत जाणाऱ्याच्या अंगावर, छातीपाशी, चालू. अलार्म वाजला की बाहेर. ‘सेन्सरला पाणी लागलं असेल’ ही चर्चा बाहेर येऊन करा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तिन्ही पातळ्या मोजा. ब्लोअर बंद पडला, वीज गेली, तरी बाहेर.

## पायरी ८: कुणी आत पडलं तर

हे वाचताना सोपं आणि प्रत्यक्षात फार अवघड आहे: मागोमाग उतरायचं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या खड्ड्यात पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. भाऊ भावाच्या मागे उतरतो, मुकादम पोराच्या मागे. त्या क्षणी कुणी विचार करत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवायचा असतो.

क्रम असा:

1. झाकणावरचा माणूस ओरडतो, शिट्टी मारतो आणि जागेवरच उभा राहतो. इतरांना आत जाण्यापासून अडवणं हेही त्याचंच काम.
2. विंच फिरवून वर काढा. माणूस हार्नेसला आणि हार्नेस विंचला जोडलेला असेल तर एका मिनिटात वर येतो. मेंदूला ऑक्सिजन न मिळता हातात जेमतेम चार ते सहा मिनिटं असतात. अग्निशमन दल शहराच्या दुसऱ्या टोकाहून तेवढ्यात येत नाही.
3. दुसरा माणूस १०८ आणि १०१ ला फोन करतो. सांगायचं: बंदिस्त टाकी, वायूचा संशय, किती जण आत, कोणत्या गेटने यायचं. गेटवर एक माणूस उभा करा.
4. विंचने निघत नसेल तरच, एससीबीए घातलेला शिकलेला माणूस, स्वतःच्या दोरासह आत जातो.
5. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत न्या, गाळाने भिजलेले कपडे काढा. श्वास नसेल तर छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, दर ३० दाबांनंतर अंबू बॅगने दोन श्वास. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, त्याच्या फुफ्फुसातला वायू तुमच्यात जातो.
6. रुग्णालयात कोणत्या वायूचा संशय आहे ते सांगा. मीटरवरचा शेवटचा आकडा लिहून सोबत पाठवा.

> तपासा: वर्षातून एकदा तरी गोणी किंवा पुतळा टाकीत ठेवून, घड्याळ लावून हे करून पाहिलंय का? पहिल्या सरावात विंचची तार गुंतते आणि एससीबीएचं सिलिंडर रिकामं सापडतं. ते सरावातच सापडू द्या.

अपघात झाला तर जागा हलवू नका, धुऊ तर मुळीच नका. मृत्यू झाला, किंवा जखमी ४८ तास वा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. मृत्यू असेल तर पोलिसांनाही लगेच. ‘ठेकेदाराचा माणूस होता, आमच्या रजिस्टरवर नाही’ ही सबब चौकशीत टिकत नाही.

## पायरी ९: काम बंद करताना

आत गेलेली माणसं मोजा, हत्यारं मोजा. टाकीत राहिलेला पाना पुढच्या आठवड्यात कुणालातरी ‘फक्त एक मिनिट’ आत नेतो.

माणसं बाहेर, मगच कुलपं काढा. आपापलं कुलूप ज्याने त्याने काढायचं. ब्लाइंड किती मारले होते आणि किती निघाले ते जुळवा. झाकण लावा, बोल्ट घट्ट करा. परमिटवर बंद केल्याची वेळ आणि दोन्ही सह्या घ्या. दिवसभरात अलार्म वाजला असेल, कुणाला मळमळलं असेल, दोर अडकला असेल, तर ते त्याच कागदाच्या मागे लिहा आणि महिन्याच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्याने ते सांगितलं त्याला बैठकीत झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी मागची बाजू कोरीच येईल.

झाकणावर पाटी रंगवा: ‘बंदिस्त जागा. परमिटशिवाय उतरू नये.’ मराठीत आणि हिंदीत, पाण्याने न जाणाऱ्या रंगात. स्टिकर लावू नका, दोन पावसांत निघून जातो.